ढब्बूच्या नावावर

मिरवणूक कोपऱ्यावरून वळली आणि पहिली माळ तडतडली, तेव्हा मास्तर रस्त्याच्या अगदी मधोमध होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कुत्र्याची दोरी. कुठली तरी टीम कुठला तरी सामना जिंकली होती आणि जिंकणाऱ्यांच्या अंगात आनंद मावत नव्हता.

पुढच्याच क्षणी दुधाची पिशवी फुटपाथवर फुटलेली होती आणि मास्तर समोर उघड्या दिसलेल्या पहिल्या दारातून आत घुसले होते. दोरी तेवढी हातात राहिली, म्हणून तिच्या दुसऱ्या टोकाला असलेला ढब्बूही फरफटत आत आला.

तो प्राण्यांचा दवाखाना निघाला. आतल्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून पाच-सहा माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर नाहीतर पायाशी एकेक प्राणी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता — ‘फटाक्यांना घाबरणाऱ्या प्राण्यांसाठी वर्ग’. कागदाखाली एक मुलगी उभी होती. केस वर गुंडाळून त्यात पेन खोचलेलं, मनगटावर कुणीतरी ओढलेले ताजे ओरखडे, आणि डोळे असे की माणूस खोटं बोलायला जरा कचरेलच.

“या, या ना! आधी दार लावून घ्या,” ती म्हणाली. “अगं बाई... किती घाबरलाय बिचारा!”

मास्तरांची कानशिलं तापली. पकडले गेलो! त्यांनी पाठीनेच दार लोटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, ती ढब्बूकडे बघून बोलत होती.

“हो...” मास्तर म्हणाले. “फार घाबरतो हो तो. फार म्हणजे फारच.”

ढब्बूने तोंड भरून जांभई दिली आणि जागच्या जागी आडवा झाला.

आता मास्तर म्हणजे कोण, तर पोहण्याच्या तलावावरचे मास्तर. तिशी नुकतीच ओलांडलेली, दारातून जाताना जरा तिरकं व्हावं लागेल असे खांदे, भरघोस मिश्या. तलावाच्या या काठावरून ओरडले की त्या काठावरची पोरं पाण्यात सरळ होत. अशा माणसाला फटाक्यांची भीती वाटते, हे कुणाला सांगून पटलं नसतं. म्हणून त्यांनी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. एखादा अपघात झाला असता, हातावर भाजल्याची खूण असती, तर सांगायला तरी तोंड राहिलं असतं. पण तसं काही घडलंच नव्हतं. लहानपणापासून आवाज झाला की ते पलंगाखाली शिरायचे, एवढंच. घरचे तेव्हा हसायचे, “एवढा घोडा झाला तरी!” म्हणायचे. घोडा पुढे आणखी वाढला आणि भीती लपवायला शिकला. शर्यतीला बंदुकीचा बार काढायचा असला की मास्तर म्हणायचे, “छे! शिट्टीच बरी. शिस्त राहते.” शहरात आतषबाजी असली की त्यांना हमखास तलावाच्या पंपघरात काम निघायचं. पंप एकसुरी घोंघावत राहायचा, बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि मास्तर तिथे उगाचच नट घट्ट करत बसायचे.

त्या संध्याकाळी ते वर्गात बसले ते केवळ बाहेरचा गोंगाट थांबेपर्यंत. पण निघताना तिने विचारलं, “पुढच्या वेळी आणाल ना त्याला?” आणि मास्तरांच्या तोंडून “हो” निघून गेलं.

वर्ग दर गुरुवारी भरायचा आणि त्याची रीत सोपी होती. ती एका छोट्या स्पीकरवर फटाक्यांचा आवाज लावायची — इतका बारीक, की पलीकडच्या गल्लीत कुणीतरी दाणे भाजतंय असं वाटावं. आवाज झाला की लगेच प्राण्याच्या तोंडात आवडीचा घास. परत आवाज, परत घास. सगळे स्वस्थ राहिले तर पुढच्या खेपेला आवाज केसभर वाढवायचा. एखादा जरी बिचकला तरी मागे यायचं.

“घाई नाही करायची,” ती सांगायची. “आणि रागवायचं तर मुळीच नाही. पलंगाखाली जाऊन बसला तर बसू दे. ओढून बाहेर काढायचं नाही. तिथेच त्याला एक चादर द्या, पडदे लावा, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. आपण जवळ बसायचं आणि रोजच्या आवाजात बोलायचं. जवळ घेतलं की भित्रेपणा वाढतो म्हणतात ना, त्यात काही अर्थ नाही. घाबरलेल्याला जवळ नाही घ्यायचं, तर मग घ्यायचं कुणाला?”

मास्तर हे सगळं असं कान देऊन ऐकत, की शेजारी बोका घेऊन बसणाऱ्या आजी म्हणाल्या, “फार माया हो तुमची त्या कुत्र्यावर!”

स्पीकर फुटफुटला की ढब्बू घोरायचा. मास्तरांची मात्र पायाची बोटं बुटात आखडायची.

सगळे तिला ताई म्हणत. मास्तरांना ते काही केल्या जमेना. “अहो... ऐका ना... हे, म्हणजे—” असं त्यांचं चालायचं.

“ताई म्हणा की सरळ!” एकदा आजींनी सुचवलं. “सगळेच म्हणतात.”

“नको,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “म्हणजे... तसं नाही... पण नको.”

आजींना अचानक खोकला आला आणि त्यांनी बोक्याच्या पाठीत तोंड लपवलं. ती स्पीकरची बटणं उगाचच खालीवर करत राहिली. तिच्या गालावर जे उमटलं ते हसू होतं की दुसरं काही, हे बघायचं धैर्य मास्तरांना झालं नाही.

घरी अभ्यास असायचा. तिने सगळ्यांच्या फोनवर आवाज पाठवून दिले होते. एकदा वहिनी धुतलेले कपडे ठेवायला दिराच्या खोलीत आल्या, तर मास्तर डोक्यावरून चादर घेऊन बसलेले, कानाला फोन, समोर चॉकलेटची लादी. ढब्बू दूर गॅलरीत उन्हात पसरलेला.

“भावोजी,” वहिनी म्हणाल्या, “अभ्यास कुत्र्याचा आहे ना?”

“मी आधी... तपासून बघतोय.”

“आणि घास?”

“तोसुद्धा.”

वहिनींनी कपडे ठेवले. दारात थांबून म्हणाल्या, “शर्टाची बटणं ताणायला लागलीत हो. तो अभ्यास जरा बेताने करा. आणि तिथे जाताना दर वेळी नवा शर्ट लागतो, तोही कुत्र्याच्याच भीतीसाठी का?”

मास्तरांनी चादर पुन्हा डोक्यावर ओढली.

खोटं मात्र आतून कुरतडत होतं. वर्ग सुटल्यावर ती दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत बरोबर चालत. मास्तरांबरोबर ढब्बू आणि तिच्याबरोबर पिसू. पिसू म्हणजे तिची चिमुकली कुत्री, कुणीतरी खोक्यात घालून टाकून दिलेली, पान पडलं तरी दचकणारी. ती मोकळेपणाने सगळं सांगायची. घरमालकाशी झालेलं भांडण, परीक्षेत दोनदा झालेली फजिती, ओरखड्यांचे प्रकार. मास्तर मात्र प्रत्येक वाक्य ढब्बूच्या नावावर खपवायचे. “काल खाली दार आपटलं तर त्याची झोपच उडाली...” “त्याला वाटतं, लोक हसतील...”

“कुत्र्याला वाटतं, लोक हसतील?” तिने हळूच विचारलं होतं.

“जरा... मानी आहे तो.”

एका गुरुवारी पाऊस भुरभुरत होता. वर्ग सुटला, सगळे गेले आणि ही दोघं दवाखान्याच्या पत्र्याखाली थांबली. पाण्याचे थेंब तिच्या पापण्यांवर बसत होते. ती ढब्बूच्या कानामागे खाजवत होती. मग एकदम वर न बघताच म्हणाली —

“एक बोलू? रागावणार नाही ना?”

“तुमच्यावर? छे.”

“ढब्बूला ऐकू येत नाही.”

मास्तरांनी ढब्बूकडे बघितलं.

“वय झालंय त्याचं. मी मागून टाळी वाजवून बघितली, चावी पाडून बघितली. तो ढिम्म. मला... पहिल्याच दिवशी कळलं होतं.” तिने मान वर केली. “तुम्ही आत आलात तेव्हा थरथरत कोण होतं, तेसुद्धा.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. इतके दिवस! ते ढब्बूच्या तोंडात घास कोंबत होते, आजी कौतुक करत होत्या, नवे शर्ट घालून ते भित्र्या कुत्र्याच्या गोष्टी सांगत होते... आणि हिला सगळं माहीत होतं. लाज माणसाला कधी कधी नम्र करते, कधी कधी वाईट करते. त्यांना या लाजेने वाईट केलं.

“बरी करमणूक झाली की तुमची,” ते म्हणाले. “वर्गात एक प्राणी जास्त.”

“मी एकदाही हसले नाही.”

“हसला असतात तर बरं होतं! कीव केलीत तुम्ही. अभ्यास काय, घास काय... एवढ्या मोठ्या माणसाला!”

तिचा चेहरा उतरला. ती काहीतरी सांगू बघत होती, ओठ हललेही. पण मास्तरांनी ढब्बूला उचललं, चांगला जाडजूड कुत्रा सरळ काखोटीला मारला, आणि पावसात चालू लागले. कोपऱ्यावर पोचेपर्यंतच कळलं होतं की आपण काय बोललो. मागे वळायला हवं होतं. पण मागे वळून तिला तोंड कुठलं दाखवायचं?

पुढचे दोन गुरुवार ते गेले नाहीत. तलावावर पोरांवर विनाकारण ओरडले, मग ओरडल्याचीही लाज वाटली. फोन हातात घेऊन ‘चुकलं’ एवढाच शब्द लिहिला आणि पुसला. कितीदा पुसला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग नव्या पुलाचं उद्घाटन आलं. दिवस मावळताच नदीवर आतषबाजी, असं आठवडाभर लाउडस्पीकर सांगत फिरत होता. मास्तर चार वाजताच ढब्बूला घेऊन पंपघरात जाऊन बसले. पंप घोंघावत होता. ढब्बू गोणपाटावर झोपला होता. नट घट्ट करण्यासारखा एकही उरला नव्हता.

फोन थरथरला. बोकेवाल्या आजी होत्या.

“मास्तर, ताईची पिसू पळाली हो! भीती कमी व्हावी म्हणून तिला अंगाला घट्ट बसणारं जाकीट घालत होती, त्यासाठी गळ्यातला पट्टा काढला... तेवढ्यात कुणा मेल्याने वेळेआधीच बाण सोडला. दार उघडं होतं. ताई एकटीच शोधत फिरतेय, रडून रडून डोळे सुजलेत. मला काही धावता येत नाही. तुमचा तलाव जवळच, म्हणून म्हटलं...”

“बघतो,” मास्तर म्हणाले.

फोन ठेवला आणि ते दाराकडे बघत बसले. लोखंडी दार, आतून कडी. कडीवर हात ठेवला. बाहेर एक मोठा बार झाला, दार हातात झणझणलं, आणि मास्तर चटकन मागे सरले. नाही जमायचं. तिला दुसरं कुणीतरी मदत करेल... शहरात माणसं काय कमी आहेत? पण हे मनात आलं आणि त्यांना स्वतःची अशी काही शिसारी आली, की त्या शिसारीच्या भरातच त्यांनी कडी काढली आणि ढब्बूला आत झोपू देऊन मागे दार ओढून घेतलं.

आभाळ अजून पुरतं काळवंडलं नव्हतं. त्यात लाल-हिरव्या ठिणग्या फुटत होत्या आणि रस्ताभर लोक माना वर करून उभे होते. मास्तर दोन्ही कानांवर हात दाबून त्यांच्यातून चालले. प्रत्येक बाराला खांदे आक्रसत होते, एकदा तर ते सरळ खालीच बसले. “मास्तर?” कुणीतरी ओळखीचं म्हणालं. तलावावर येणाऱ्या एका मुलीची आई. “बरं वाटत नाहीये का?” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. मागे कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला हसलं असेल. पण पाठ भाजावी तसं त्यांना झालं.

पिसू कुठे गेली असेल? मोठमोठ्याने हाका माराव्यात, “पिसू! पिसू!”? अशा हाकांना मी बाहेर आलो असतो का? मास्तर थांबले. भिंतीला टेकले आणि त्यांनी तो रस्ता घाबरलेल्याच्या नजरेने बघितला. उजेड नको. माणसं नकोत. मोकळी जागा तर नकोच. पाठीला भिंत हवी, दोन्ही बाजूंनी अरुंद हवं... आणि पंपासारखं काहीतरी घोंघावत असायला हवं. मी असतो तर कुठे शिरलो असतो?

चौकापलीकडे लाँड्री होती. तिच्या बाजूच्या बोळात कपडे वाळवायच्या मशीनची गरम हवा एका नळीतून बाहेर पडत असे. दिवसभर एकच एक घूं-घूं. नळीच्या खाली रिकामी खोकी रचलेली. मास्तर वाकले. दोन खोक्यांच्या फटीत, अंधारात, दोन डोळे चमकत होते.

त्यांनी हाक मारली नाही. हात पुढे केला नाही. नुसते बोळात शिरले — शिरले म्हणजे अडकलेच — आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले. पाय बाहेर रस्त्यावर राहिले.

“सकाळची पहिली बॅच लहान मुलांची असते,” ते रोजच्या आवाजात सांगू लागले. आवाज रोजचा कुठला, पार कापत होता. “त्यांना आधी पाण्यात तोंड बुडवायला शिकवायचं... बुडबुडे काढायचे...” धडाड! “...आई गं... बुडबुडे काढायचे... मग दुसरी बॅच...”

दुपारच्या बॅचपर्यंत पोचले तेव्हा कोपराला काहीतरी ओलसर लागलं. नाक होतं. मग सगळी पिसूच त्यांच्या काखेत शिरली. तिचं काळीज धडधडत होतं, यांचंही. त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि तिला आत घेतलं.

“हे पाय कुणाचे?” बाहेर लाँड्रीवाला विचारत होता. माणसं जमली होती. आणि त्यांना बाजूला सारत ती आली — केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही.

“मास्तर?”

“हळू,” ते म्हणाले. “आहे. माझ्याजवळ आहे.”

ती गुडघ्यांवर रांगत आत आली. पिसूचं तोंड शर्टातून बाहेर डोकावत होतं. ते बघून तिला हुंदका फुटला. “जगाला सांगत फिरते... दार लावा, पट्टा काढू नका... आणि मीच! कुठल्या तोंडाने उभी राहू आता वर्गापुढे?”

“माझ्याइतकी लाज नाही वाटायची तुम्हाला,” मास्तर म्हणाले. “मी जे बोललो ना पावसात...”

धडाड! मास्तर आक्रसले, डोकं खोक्यात खुपसलं. बाहेर लाँड्रीवाल्याने काळजीने विचारलं, “काय झालं हो त्यांना? लागलं का कुठे?”

मास्तरांनी डोकं बाहेर काढलं. सगळे बघत होते. तलावावरच्या मुलीची आईसुद्धा. काहीतरी सांगता आलं असतं. चक्कर आली म्हणावं, कुत्र्यासाठी वाकलो म्हणावं. नेहमीसारखं.

“मी घाबरतो,” मास्तर म्हणाले. “फटाक्यांना. लहानपणापासून घाबरतो. कुत्री नाही, मी.”

मग लाँड्रीवाला म्हणाला, “अस्सं होय,” आणि आत जाऊन दुसरीही मशीन चालू करून आला. घूं-घूं दुप्पट झाली. “या आवाजात जरा कमी ऐकू येईल,” तो म्हणाला, आणि लोकांना म्हणाला, “चला हो, बघायचं ते आभाळात बघा.”

बोळात ती दोघंच उरली. ती त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, जागा इतकी कमी की खांद्याला खांदा लागला.

“कीव नव्हती ती,” ती म्हणाली. “मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, की वर्ग प्राण्यांचा आहे... तुम्हाला दुसरीकडे जायला हवं, माणसांच्या डॉक्टरकडे. मी नाही सांगितलं.”

“का?”

ती पिसूच्या कानाशी खेळत राहिली. “तुम्ही यायचे बंद झाला असतात.”

मास्तरांना वाटलं, मशीनमुळे नीट ऐकू आलं नाही. “काय म्हणालात?”

“आता दोनदा नाही हं बोलणार! एकदा बोलतानाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचा अभ्यास वाढवत होते मी... मुद्दाम. ढब्बू तर केव्हाच पास झाला होता.”

मास्तर हसले. डोळे अजून ओले, मिश्यांना खोक्याची धूळ, आणि तरी हसले. “वहिनी म्हणतात, तुमच्या अभ्यासाने माझे शर्ट फाटायला आलेत.”

“म्हणजे घास तुम्ही—”

“घरचे सगळे.”

तीही हसली, हुंदका आणि हसू एकातच. मग नदीवरून शेवटची मोठी फैर सुरू झाली, एकावर एक, खिडक्यांची तावदानं थरथरवणारी. मास्तरांचा हात आपोआप कानाकडे निघाला. तिने तो वाटेतच धरला आणि स्वतःचा दुसरा तळवा त्यांच्या कानावर ठेवला. तो तळवा गार होता, त्याला साबणाचा आणि कुत्र्याच्या बिस्किटांचा वास होता. मास्तरांनी डोळे मिटले. ते थरथरत होते, आणि ती बघत होती, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

हळूहळू सगळं शांत झालं. रस्त्यावरून घरी परतणाऱ्यांची बोलणी ऐकू येऊ लागली. आत एक मशीन थांबली, मग दुसरी. पिसूला शर्टात झोप लागली होती.

“संपलं,” तिने कानावरचा तळवा काढला. “सोडा आता हात.”

“माहीत आहे मला संपलंय ते,” मास्तर म्हणाले, आणि हात धरूनच राहिले.